डोंगर नसलेल्या गावातली उन्हाळी सुट्टी

मार्च सरत आला की घराघरांत एकच विषय निघतो. यंदा सुट्टीत कुठे जायचं? मुलांचं उत्तर तयार असतं: थंड हवेच्या ठिकाणी. गृहस्वामींचंही तयार असतं: जिथे खर्च कमी तिथे. गृहिणीला चार दिवस स्वयंपाकघरातून सुटका झाली की पुरे, मग गाव कुठलंही असो. यात घरातल्या आजी-आजोबांना मात्र कुणी विचारत नाही. त्यांचं तिकीट काढलं जातं, स्वेटर भरला जातो आणि डोंगरावर पोचल्यावर त्यांना हॉटेलच्या खोलीत ब्लँकेटखाली बसवून बाकीची मंडळी पॉइंट बघायला निघून जातात.

आमच्या घरीही दोन सुट्ट्या अशाच गेल्या. सासूबाईंचं वय बहात्तर, गुडघे दोन्ही कुरकुरणारे. तिसऱ्या वर्षी दक्षिणेत जायचं ठरलं. उटी की कोडाईकनाल यावर मतदान चाललं असताना त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही जा हो. मला डोंगरावर नेऊन काय करणार? गाडीतच बसवून ठेवणार ना?" यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग नकाशा पुन्हा उघडला गेला आणि बोट थांबलं ते अगदी सपाट जागी, कावेरीच्या काठावर. कुंभकोणम!

मे महिन्यात कुंभकोणम? शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आमच्याकडे काळजीने पाहिलं. पण वाचकहो, त्या सहलीत जे पाहिलं, ते तुमच्यापुढे ठेवायलाच हवं. आधी जरा डोंगराविषयी बोलू.

साहेबाचा डोंगर

'थंड हवेचं ठिकाण' ही गोष्ट आपल्या अंगवळणी इतकी पडली आहे, की ती अनादी काळापासून चालत आलीय असं वाटतं. प्रत्यक्षात तिला जेमतेम दोनशे वर्षं झाली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वरला साहेबांची वस्ती झाली. माथेरान ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये शोधलं. तिकडे दक्षिणेत कोइम्बतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ मध्ये निलगिरीवर चढला आणि त्यातून पुढे उटी वसलं. कोडाईकनालची सुरुवात केली ती मदुराईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी, १८४५ मध्ये. सगळीकडे कारण एकच. मैदानातला उन्हाळा आणि त्याबरोबर येणारे ताप, पटकी वगैरे रोग साहेबाला सोसत नव्हते. पुढे तर उन्हाळा आला की मद्रासचं अख्खं सरकार दप्तरांसह उटीला मुक्काम हलवायचं.

साहेब गेला, डोंगर राहिला. आणि आता त्या डोंगरावर आपण सगळे एकाच वेळी चढू लागलो. गर्दी इतकी वाढली, की मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला जाणाऱ्या वाहनांना ई-पास घ्यावा लागू लागला. २०२५ च्या एप्रिल ते जून या हंगामासाठी तर आकडेच ठरवून दिले गेले. उटीसाठी कामाच्या दिवशी ६,००० वाहनं आणि शनिवार-रविवारी ८,०००. कोडाईसाठी ४,००० आणि ६,०००. दिवसाला ८,००० गाड्या ही मर्यादा ठरते, तेव्हा मर्यादेआधी काय चाललं असेल, याची कल्पना करा. घाटात तीन-तीन तास अडकलेल्या गाडीत मुलं ओकतायत आणि आजी पाणी मागतायत, हे चित्र तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल.

डोंगर सुंदर आहेत, यात वादच नाही. पण एक प्रश्न पडतो. साहेब पळून जाऊ शकत होता म्हणून गेला. ज्यांना पळून जाता येत नव्हतं, जे हजार वर्षं त्याच मैदानात, त्याच उन्हात राहत होते, ते उन्हाळा कसा काढत होते? त्याचं उत्तर शोधायला कुंभकोणमसारखी जागा नाही.

दोन नद्यांमधलं गाव

कुंभकोणम तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटरवर. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला तिचीच शाखा अरसलार आणि मध्ये हे देवळांचं गाव. समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम २५ मीटर. कोडाई २,१०० मीटरवर आहे, हे लक्षात घ्या म्हणजे फरक कळेल.

नावाची कथा अशी. प्रलयाच्या वेळी अमृताचा कुंभ पाण्यावर तरंगत इथे आला. शंकराने किराताच्या रूपात बाण मारून तो फोडला आणि अमृत व वाळू एकत्र होऊन जे लिंग झालं ते आदिकुंभेश्वर. हे मंदिर गावाच्या मध्यात आहे. तिथून थोड्याच अंतरावर महामहम तलाव. सव्वासहा एकरांचा, चहूबाजूंनी पायऱ्या, काठाने १६ मंडप आणि पोटात २० विहिरी. या पायऱ्या आणि मंडप बांधून घेतले ते तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी. दर बारा वर्षांनी इथे महामहमचं पर्व भरतं, आपल्या नाशिकच्या सिंहस्थासारखं. मागचं २०१६ मध्ये झालं, पुढचं २०२८ मध्ये येईल.

मराठी माणसाला हा मुलूख परका वाटायचं कारण नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी घेतली आणि १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं. कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूर गावात व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी विद्वानांना जमिनी देऊन अग्रहार वसवला. आणखी एक नाव सांगते. सयाजीराव गायकवाड अल्पवयीन असताना ज्यांनी बडोद्याचा कारभार सांभाळला, ते दिवाण सर टी. माधवराव जन्माने कुंभकोणमचे. तंजावरच्या मराठी घराण्यात १८२८ मध्ये जन्मलेला हा माणूस त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचा दिवाण झाला.

आजही इथे मराठी बोलणारी घरं आहेत. एका देवळाच्या पायरीवर सासूबाई "अगं बाई, गुडघा!" असं म्हणून टेकल्या, तेव्हा शेजारी बसलेल्या नऊवारीसारख्या लुगड्यातल्या आजीबाईंनी मराठीतच विचारपूस केली. बोलण्यात तमिळचा हेल, शब्द जुन्या पोथीतले वाटावेत असे. पुढचा अर्धा तास दोघी गुडघ्यांवर बोलत होत्या. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

दुपार म्हणजे दुपार

आता मुख्य मुद्दा. उन्हाळा.

तमिळनाडूत साधारण ४ ते २८ मे या दिवसांना 'अग्निनक्षत्रम्' म्हणतात. सूर्य कृत्तिका नक्षत्राच्या आसपास असतो तो हा काळ. पारा चाळिशीला टेकतो. हवेत दमटपणा असतो तो वेगळाच. कुणी तुम्हाला सांगितलं की कुंभकोणम मे महिन्यात सुखद असतं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण इथल्या माणसाचा उन्हाशी एक करार झालेला आहे आणि तो करार समजला की पाहुण्यालाही त्रास होत नाही.

कराराचं पहिलं कलम: पहाटे उठा. साडेपाचला गाव जागं असतं. दारात सडा पडलेला, तांदळाच्या पिठाचं कोलम काढलेलं, देवळातून नादस्वरम् ऐकू येतं. कॉफीच्या दुकानापुढे माणसं उभी असतात. कुंभकोणमची डिग्री कॉफी प्रसिद्धच आहे. दुधात पाणी नाही याची खात्री दुधाचं माप घेणाऱ्या 'डिग्री'वरून करत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. पितळेच्या पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात, हातभर उंचीवरून ओतत ती गार करायची. सकाळी दहापर्यंत जे काही पाहायचं ते पाहून घ्यायचं.

दुसरं कलम: दुपारी बाहेर पडायचं नाही. आणि हे नुसतं माणसांना लागू नाही, देवालाही लागू आहे. बारा वाजता देवळं बंद होतात ती चारच्या सुमाराला उघडतात. देव विश्रांती घेतात म्हटल्यावर भक्त कुठे जाणार? दुकानांची लगबग मंदावते. पहिल्याच दिवशी आमच्या 'ह्यां'नी साडेबाराला दारासुरमला जाण्यासाठी रिक्षा विचारली. रिक्षावाल्याने आधी आकाशाकडे बघितलं, मग सासूबाईंकडे बघितलं आणि हाताने झोपेची खूण करून स्वतःच सीटवर आडवा झाला. भाषा कळायची गरज पडली नाही.

इथेच मला आमच्या सहलीचं खरं सुख सापडलं. डोंगरावर दुपारी सगळे हिंडतात आणि म्हातारं माणूस खोलीत एकटं राहतं. कुंभकोणमला दुपारी अख्खं गावच आडवं होतं. त्यामुळे 'आई, तुम्ही आराम करा, आम्ही जाऊन येतो' हे वाक्य तीन दिवसांत एकदाही उच्चारलं गेलं नाही. पहाटे सगळ्यांत आधी सासूबाईच तयार असायच्या. त्यांना कुणी उठवावं लागत नव्हतं, उलट त्याच नातवंडांना हलवून उठवत होत्या. जमीन सपाट, रिक्षा थेट गोपुरापर्यंत आणि प्रत्येक देवळात बसायला सावलीचे मंडप. गुडघ्यांची तक्रार राहिली, पण ती करायला सोबतीला माणसं होती.

सावली बांधणारे हात

तिसरं कलम आहे बांधकामाचं. जुन्या वस्तीत सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर एक छोटं कौलारू घर आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचं बालपण आणि तरुणपण इथे गेलं. वडील कापडाच्या दुकानात कारकून. २००३ पासून या घराचं स्मारक झालं आहे. घराच्या पुढे रस्त्याला लागून ओटा आहे, त्याला तमिळमध्ये 'तिण्णै' म्हणतात. रामानुजन इथे मांडीवर पाटी घेऊन गणितं सोडवत बसत. याच गावच्या सरकारी महाविद्यालयात गणितापलीकडच्या विषयांत नापास झाल्याने त्यांची शिष्यवृत्ती गेली. १८५४ मध्ये सुरू झालेल्या त्या महाविद्यालयाला लोक अभिमानाने 'दक्षिणेचं केंब्रिज' म्हणत. नापास झालेला विद्यार्थी पुढे खऱ्याखुऱ्या केंब्रिजला गेला, ही गोष्ट आमच्या मुलाला इतकी आवडली, की त्याने ती सोयीस्करपणे पाठ करून ठेवली आहे.

तो ओटा नीट बघा. वर उतरतं छप्पर, त्यामुळे भिंतीवर ऊन नाही. जुन्या मोठ्या घरांत आत चौक असतो. तापलेली हवा वर निघून जाते, खालून झुळूक येते. वाटसरू ओट्यावर टेकू शकतो. आपल्याकडे कोकणात ओटी-पडवी आणि देशावर चौसोपी वाडा हेच काम करत होते. फरक इतकाच, की आपण ते पाडून बाल्कनी बंदिस्त केली आणि मग वातानुकूलन यंत्राचे हप्ते भरत बसलो. खरं सांगायचं तर कुंभकोणमही त्याच वाटेवर आहे. रस्त्यावरचे कितीतरी ओटे दुकानांनी गिळले आहेत.

घरांहून मोठी सावली देवळांची. गावापासून तीनेक किलोमीटरवर दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर आहे. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं आणि २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेलं. हा सगळा गाळाचा प्रदेश, इथे दगड मिळत नाही. एकूण एक शिळा बाहेरून आणलेली. मंडपाला दगडी चाकं आणि घोडे आहेत, म्हणजे सगळा मंडपच रथासारखा. एका ठिकाणी हत्ती आणि बैल यांचं एकच डोकं कोरलं आहे. एक बाजू झाकली की हत्ती, दुसरी झाकली की बैल. मुलं तिथून हलेनात. सकाळी आठला त्या खांबांमध्ये बसून पाहा. बाहेर ऊन चढत असतं आणि पाठीला टेकलेला दगड अजून रात्रीइतका गार असतो.

आणि डोंगर हवाच असेल तर? तोही आहे! आठेक किलोमीटरवर स्वामीमलै, म्हणजे स्वामींचा डोंगर. सपाट मुलखात डोंगर आला कुठून? माणसांनी बांधला. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकेय. त्याचं ठाणं उंचावर हवं म्हणून इथे कृत्रिम टेकडी उभारली आहे. कार्तिकेयाने आपल्या पित्यालाच, म्हणजे शंकराला, ॐकाराचा अर्थ इथे सांगितला अशी कथा आहे, म्हणून तो 'स्वामिनाथ'. वर जायला ६० पायऱ्या. प्रत्येक पायरी एका संवत्सराची: प्रभव, विभव, शुक्ल... गुढीपाडव्याला आपण पंचांगात जी नावं वाचतो, तीच ही साठ. सासूबाई एकेक संवत्सराचं नाव घेत, मध्ये दोनदा बसत, साठही चढल्या. वर पोचल्यावर म्हणाल्या, "चला, साठी दुसऱ्यांदा झाली!" हा एकच डोंगर त्यांना त्या वर्षी चढता येण्यासारखा होता.

पायथ्याच्या गावात पंचधातूच्या मूर्ती ओतणारे स्थपती आहेत. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या बारीक गाळाचा लेप, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातू. मूर्तीचं प्रमाण मोजायला नारळाच्या झावळीची पट्टी घेऊन तिला घड्या घालतात. २०२३ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपमपुढे बसवलेला २७ फुटी नटराज इथल्याच स्थपतींनी घडवला.

पोटाला गार, जिभेला तिखट

खाण्याविना सहल कसली? सकाळी इडलीबरोबर 'कडप्पा' मागा. मुगाची डाळ, बटाटा, नारळ, बडीशेप यांची ही पातळ भाजी म्हणजे कुंभकोणमची खासियत. सांबार तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं आणि संभाजी महाराजांच्या नावावरून त्याला नाव मिळालं, ही गोष्ट इथे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. गोष्ट म्हणून ऐकावी आणि आणखी एक वाटी घ्यावी.

उन्हाचा खरा उतारा मात्र 'नीर मोर'. पातळ ताक, त्यात आलं, हिरवी मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर आणि हिंग. उन्हाळ्यात रस्तोरस्ती झावळ्यांच्या मांडवाखाली ते फुकट वाटतात. रामनवमीला त्याच्या जोडीला 'पानकम्', म्हणजे गूळ, सुंठ आणि वेलची घातलेलं पाणी. आपल्या चैत्रगौरीच्या पन्ह्याचं हे सख्खं भावंड. रस्त्याच्या कडेला ताडगोळ्यांचे ढीग असतात. विकणारा कोयत्याच्या एका घावात फळ उघडून देतो. जेवण केळीच्या पानावर आणि वर कुंभकोणमचं विड्याचं पान. कावेरीच्या गाळात वाढणाऱ्या या कोवळ्या पानाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

संध्याकाळी चारनंतर गाव दुसऱ्यांदा जागं होतं. चैत्र-वैशाखात देवळांत उत्सवांची रेलचेल असते. सारंगपाणी मंदिराचा रथ तमिळनाडूतल्या सर्वांत मोठ्या रथांपैकी एक. तो तमिळ चित्तिरै महिन्यात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, दोर लावून ओढतात. याच महिन्यात, एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात, नागेश्वर मंदिरात तीन दिवस सूर्यकिरण थेट गाभाऱ्यातल्या लिंगावर पडतात. ज्या सूर्यापासून आपण तोंड लपवतो, त्यालाच या गावाने वर्षातून एकदा देवळात बोलावून घेतलं आहे!

पाणी कुठे आहे?

सगळं गोडगोड सांगून थांबणं बरं नव्हे. कावेरीत पाय बुडवायच्या आशेने मे महिन्यात जाल, तर घाटाखाली वाळू दिसेल. १९३४ पासून कावेरीचं पाणी मेट्टूरच्या धरणातून येतं आणि ते सोडायचा ठरलेला दिवस १२ जून. धरणात साठा नसेल तर तोही पुढे जातो. गावातल्या पुष्करिणींना नदीचं पाणी नेणारे पाट होते. त्यांतले कितीतरी बुजले, त्यांवर अतिक्रमणं झाली, प्रकरणं उच्च न्यायालयापर्यंत गेली. उन्हाशी केलेल्या कराराचा पाया पाणी होता. तोच हलला, तर नुसती सावली किती पुरेल?

आणि जुनं ते सगळंच चांगलं, असंही नाही. झावळ्यांचं छप्पर थंड खरं. पण १६ जुलै २००४ रोजी याच कुंभकोणममध्ये एका शाळेचं तसलं छप्पर पेटलं आणि ९४ मुलं गेली. त्यानंतर राज्यातल्या शाळांवरची अशी छपरं उतरवली गेली. १८ फेब्रुवारी १९९२ च्या महामहम पर्वात चेंगराचेंगरी होऊन जवळपास पन्नास माणसं दगावली. २०२८ च्या पर्वाला जायचा विचार असेल, तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना घेऊन मुख्य दिवशी तलावाजवळ जाऊ नका. पुण्य आधीच्या दिवसांतही मिळतं.

जाणार असाल तर

* चेन्नईहून रात्री सुटणारी उळवन एक्स्प्रेस पहाटेच्या सुमाराला कुंभकोणमला पोचवते. उळवन म्हणजे शेतकरी. विमानाने यायचं तर तिरुचिरापल्ली गाठून पुढे रस्ता किंवा रेल्वे.

* हवा सर्वांत चांगली डिसेंबर-जानेवारीत. पण शाळेची सुट्टी मेमध्येच असते, म्हणून वरचा सगळा प्रपंच. जमल्यास मेऐवजी एप्रिलचा पहिला पंधरवडा निवडा.

* देवळात अनवाणी चालावं लागतं. दहानंतर आवारातला दगड तव्यासारखा तापतो. जाड सुती मोजे बरोबर ठेवा आणि काथ्याची पट्टी पसरलेली असेल तर तिच्यावरूनच चाला.

* हृदयविकार, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं पिशवीत हवीतच. कुणाला चक्कर आली, बोलणं असंबद्ध झालं किंवा अंग फार तापलं, तर सावलीत नेऊन अंगावर ओलं कापड फिरवा आणि लगेच दवाखाना गाठा.

* तीन दिवस पुरतात. पहिला दिवस गावातल्या देवळांना, दुसरा दारासुरम आणि स्वामीमलैला. तिसऱ्या दिवशी गोविंदपुरमला जा. तिथे २०११ मध्ये उभं राहिलेलं विठ्ठल-रखुमाईचं भव्य मंदिर आहे. कावेरीकाठी विठोबा कमरेवर हात ठेवून उभा दिसला, की इतक्या लांब आल्याचा शीण जातो.

उटी-कोडाई कुठे पळून जात नाहीत. मुलं मोठी होतील, मित्रांबरोबर जातील, घाटातल्या रांगेत गाणी म्हणत बसतील. त्यांच्याकडे वेळ आहे. आजी-आजोबांकडे तो तितका नसतो. म्हणून यंदा नकाशा उघडाल तेव्हा पहिला प्रश्न घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा. "तुम्हाला कुठे यावंसं वाटतं?" आणि उत्तरात एखाद्या सपाट, उन्हाने तापलेल्या, देवळांच्या गावाचं नाव आलं, तर हसू नका. मोजे तेवढे बरोबर घ्या.